गोरबोलीची वही: कृष्णाकाठच्या ऊसतोड तळावरच्या नोंदी

६ नोव्हेंबर २०२४, बेळगाव

भाऊबीज झाली, मंडळी मोकळी झाली, बैठक एकदाची पार पडली. काम ठरलं ते असं: अथणी-कागवाड पट्ट्यात ऊसतोडीला येणाऱ्या लमाण (बंजारा) टोळ्यांतल्या मुलांसाठी त्यांच्याच बोलीत चित्रपुस्तकं करायची, आणि सोबत म्हाताऱ्या माणसांचं बोलणं, गोष्टी, गाणी ध्वनिमुद्रित करायची. मुदत एका गाळप हंगामाची. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं, की तळ उठतो, आणि मग कोण कुठं गेलं हे शोधत फिरायला आपल्याकडे माणसं नाहीत.

आम्ही चौघं. ताई मूळच्या विजयपूर जिल्ह्यातल्या तांड्यावरच्या, राणी चन्नम्मा विद्यापीठातून कन्नडमध्ये एमए, घरची बोली गोरमाटी, म्हणजेच लमाणांची गोरबोली. गोकाकच्या अक्का कन्नड शाळेत शिकवतात. गडहिंग्लजचा एक तरुण चित्रकार. आणि मी, मराठी शाळेतला मास्तर, वही माझ्याकडे.

बेळगावात मराठी आणि कन्नड शिक्षक भाषेच्या कामाला एका टेबलाशी बसलेत म्हटल्यावर चहा आणणाऱ्या पोऱ्यानंसुद्धा दोनदा बघितलं. पाचच दिवसांपूर्वी १ नोव्हेंबर झाला. एका रस्त्यानं कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, दुसऱ्या रस्त्यानं मराठी मंडळींची काळ्या दिवसाची फेरी. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपासून हे चालत आलंय, आणि महाराष्ट्राचा सीमेबद्दलचा २००४ सालचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहेच. अक्कांनी पहिला नियम मांडला: सीमाप्रश्न तळावर न्यायचा नाही. मी लगेच होकार दिला. ताई एवढंच म्हणाल्या, "तिथं कोण विचारतंय तुम्हाला त्याचं? तिथं भाव विचारतात."

१० नोव्हेंबर

अर्जासाठी आकडे काढले. २०११च्या जनगणनेत लमाणी/लंबाडी मातृभाषा सांगणारे सुमारे ३२ लाख ७६ हजार, बंजारी सांगणारे सुमारे १५ लाख ८१ हजार. दोन्ही मिळून साडेअठ्ठेचाळीस लाख. पण भाषांच्या मुख्य तक्त्यात ही नावं दिसत नाहीत, कारण ती हिंदीच्या ५२ कोटी ८३ लाखांत जमा आहेत. त्याच जनगणनेत कोकणी साडेबावीस लाख, बोडो पंधरा लाखांच्या आत. कोकणी १९९२ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, गेली, बोडो २००३ साली. गोरबोलीची मागणी जुनी आहे, अनुसूचीत मात्र ती नाही.

ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात १९०७च्या खंडात 'बंजारी किंवा लभानी' वेगळी नोंदलेली आहे, राजस्थानीशी नातं सांगून. म्हणजे इंग्रजांच्या कागदावर जी दिसत होती ती आपल्या तक्त्यात हिंदीखाली गडप. शिवाय जातीच्या दाखल्याची तऱ्हा निराळीच. कर्नाटकात लंबाणी अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत, तेलंगणात अनुसूचित जमातीत. चुलतभाऊ-चुलतभाऊ तीन राज्यांत राहिले तर तिघांचे दाखले तीन तऱ्हेचे, आणि घरात बोलतात एकच बोली. ताईंच्या नातेवाइकांत हे खरोखर आहे.

गेल्या महिन्यात, ३ ऑक्टोबरला, मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या शाळेत पेढे वाटले. मीही खाल्ले. ताईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "खा की सर, पेढ्याचं काय."

२४ नोव्हेंबर, तळ

पहिली भेट. महाराष्ट्रात २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं, त्यामुळे बीडकडच्या टोळ्या बोटाला शाई लावून मगच निघाल्या. कोप्या (टोळीच्या झोपड्या) आत्ता कुठं उभ्या राहतायत. विजयपूरकडच्या टोळ्या आधीच आल्या होत्या. मधे पाण्याची चारी, चारीच्या अलीकडे कन्नड मुलखातले, पलीकडे मराठी मुलखातले. मोठी माणसं आपापल्या बाजूला. पोरं मात्र चारीतच.

टोळी आणणाऱ्या मुकादमाला भेटल्याशिवाय पुढं सरकता येत नाही. त्यानं रेकॉर्डर हातात घेतला, उलटासुलटा केला, विचारलं, "ह्याच्यात उचलीचं काय बोललेलं घावंल का?" प्रश्न रास्त होता. टोळी येते ती उचल (आगाऊ रक्कम) घेऊन, हिशेब हंगामाच्या शेवटी होतो, आणि कोयत्यामागं (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता) किती उचल दिली हे बाहेर गेलेलं कुणालाच नको असतं. तिथल्या तिथं ठरवलं: पैशाचं, हिशेबाचं बोलणं निघालं की मशीन बंद. परवानगीही कागदावर अंगठा घेऊन नको. माणसानं आपल्या बोलीत, आपल्या आवाजात सांगायची, आणि तीच ध्वनिफितीची सुरुवात. अंगठ्याला इथं भलताच अर्थ आहे.

मुलं मोजली नाहीत. शिकायच्या वयाची पोरं भरपूर, त्यातल्या बऱ्याच मुलींच्या कडेवर धाकटं भावंडं. जवळच्या गावची शाळा कन्नड. बीडच्या मुलांचं नाव त्यांच्या गावच्या मराठी शाळेत, अंग इथं. विजयपूरच्या मुलांना इथली शाळा भाषेनं परकी नाही, तरी तीही फारशी जात नाहीत. पाठीमागं धाकट्याला कोण बघणार?

८ डिसेंबर, तळ

ध्वनिमुद्रणाचा दिवस. सगळ्यात मोठा शत्रू कोपी. वाढं (उसाचे शेंडे) आणि पाचट (वाळली पानं) यांनी शाकारलेली असते. जरा वारा सुटला की सळसळ, आणि ती कॉलरच्या माईकमध्ये पावसासारखी उतरते. बाहेर बसावं तर ट्रॅक्टर, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर स्पीकर. शेवटी रिकाम्या टायरगाडीखाली सतरंजी अंथरली, तीन बाजूंनी गोधड्या सोडल्या आणि आत आजी, ताई आणि रेकॉर्डर. मी बाहेर, कुत्री हाकलायला. आवाज असा स्वच्छ आला की आजींच्या हातातल्या बांगड्याही वेगळ्या ऐकू येतात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही, म्हणजे न दाबलेली फाईल. व्हॉट्सअॅपवरून आलेला आवाज संग्रहात घ्यायचा नाही हे पक्कं. तो ऐकायला पुरतो, पण दाबलेला असल्यामुळे पुढं कुणाला उच्चार तपासायचे झाले तर कामाचा नाही.

ताईंनी आजींना ढावलो म्हणायला सांगितला. सासरी निघालेली मुलगी गळा काढून म्हणते ती गाणी. आजींनी सरळ नकार दिला. लग्न नाही, मुलगी निघालेली नाही, मग ढावलो कशाला? वाईट असतं ते. ताईंनी एकदा समजावून बघितलं, आजींनी तोंड फिरवलं, विषय संपला. मला वाटतं हे बरंच झालं. कुणीतरी येऊन 'जपणूक' म्हणून बोट दाखवावं आणि बाईनं रडून दाखवावं, हे कसलं काम?

मग आजींनी आपणहून जे दिलं ते आमच्या यादीत नव्हतं. लहान असताना बैलांच्या पाठीवर सामान लादून कुठून कुठं गेलो त्याची हकिगत. तांडा कुठं उतरायचा, पाणी कसं शोधायचं, बैलाच्या कोणत्या खोडीला काय म्हणायचं. बैलांची नावं घेताना ताई थांबल्या, परत विचारलं, परत ऐकलं. त्यांच्या आईलाही यातलं सगळं माहीत नव्हतं म्हणे. पोरं सतरंजीच्या कडेनं आत सरकत होती. बीडकडची दोन, विजयपूरकडची चार-पाच. आजी कुठल्या बाजूच्या हे कुणाच्या ध्यानात नव्हतं.

१७ डिसेंबर

बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन. सुवर्ण विधानसौधच्या बाजूचे रस्ते बंदोबस्तात, अक्कांना शाळेचं काम, मला परीक्षा. काम शून्य.

५ जानेवारी २०२५, तळ

लिपीचा दिवस. याची मला हुरहूर होती, कारण आम्हा दोघा मास्तरांचा खरा अहंकार इथंच बसलेला.

ताईंनी गोरबोलीत एक साधं वाक्य सांगितलं, आई भाकरी करतेय अशा अर्थाचं. बीडच्या पाचवीतल्या मुलानं ते देवनागरीत लिहिलं, विजयपूरच्या चौथीतल्या मुलीनं कन्नडमध्ये. मुलगा झटक्यात मोकळा. मुलगी अडली. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए अशी दोन अक्षरं, ओचंही तसंच. तिनं विचारलं, अक्कोरू (म्हणजे बाई), यातला कुठला? देवनागरीत मराठी शिकलेल्या मुलाला हा प्रश्न पडायचं कारणच नाही. ताईंनी तोच शब्द तीन-चार वेळा उच्चारला, मग म्हणाल्या, "मी इतकी वर्षं बोलतेय, हे कधी कानानं मोजलं नव्हतं."

दुसरी गोष्ट शेवटच्या अक्षराची. मराठीत आपण घर लिहितो आणि शेवटचा र अर्धाच म्हणतो. कन्नडमध्ये जे अक्षर लिहिलं ते पूर्ण वाचायचं. मुलीनं सरळ अक्षरं लिहिली आणि वाचताना प्रत्येक शब्दाच्या शेवटी एक अ लागला. चारीपलीकडची पोरं खो-खो हसली. तिनं त्यांच्याकडे बघितलं, अक्कांकडे बघितलं, आणि शेवटच्या अक्षरांना एकेक करून अर्धअक्षराचं चिन्ह लावून टाकलं. परत वाचलं. बरोब्बर घरच्यासारखं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शाळेच्या कन्नडमध्ये एवढी अर्धी अक्षरं शेवटी येत नाहीत, त्यामुळे तिच्या वहीत ते पान जरा काटेरी दिसतं.

मग मुलाच्या वहीत बघितलं तर वाक्याच्या शेवटी त्यानं च लिहिलेला. ताई तिथं छ लिहितात. मुलाला विचारलं तर म्हणतो, "आम्ही च म्हणतो की." आणि खरंच, ऐकलं तर त्याच्या टोळीत तो तसाच येतो. माझा हात लाल पेनाकडे गेला असता, पण लाल पेन आणायचंच नाही हे आधी ठरलं होतं. पुस्तकात काय छापायचं? ताई म्हणाल्या, डाव्या पानावर त्याचं, उजव्या पानावर तिचं. देवनागरी बीडच्या तोंडची, कन्नड विजयपूरच्या तोंडची. दोन पानं अक्षराला अक्षर जुळली नाहीत तरी चालतील. खाली मराठी अर्थ नाही, कन्नड अर्थही नाही.

अक्का आणि मी परतताना गाडीत अथणीपर्यंत यावर वाद घालत होतो. एक शुद्धलेखन ठरवल्याशिवाय भाषा टिकत नाही, हे आम्हा दोघांच्याही हाडीमासी खिळलंय. पण ताईंचा भाऊ पुण्यात असतो, तो बहिणीला गोरबोलीत निरोप पाठवतो ते रोमन अक्षरांत. तेलंगणातले तेलुगू लिपीत लिहितात. तिथं आम्ही दोघं कोण ठरवणारे? ते त्यांचं त्यांनी, त्यांच्या सवडीनं ठरवावं. आम्ही छापखाना गाठून द्यावा.

१२ जानेवारी, बेळगाव

शहरातल्या एका निवृत्त लमाण गृहस्थांकडे गेलो होतो. सरकारी नोकरी करून निवृत्त, स्वतःचं पक्कं घर, मुलगा बंगळूरला. ताईंची ओळख. चहा, चिवडा, आणि गोरबोलीत दोघांच्या गप्पा अशा रंगल्या की मी नुसता बघत बसलो. तेवढ्यात नातीचा व्हिडिओ कॉल आला. आजोबांची भाषा एका क्षणात बदलली. अर्धी कन्नड, अर्धी इंग्रजी. फोन ठेवल्यावर ते आपणहून म्हणाले, "ऑफिसात आपण कोण ते कळू द्यायचं नव्हतं. घरात बोललो असतो तर पोरानं बाहेर बोललं असतं. म्हणून घरातच बंद केली." मुलाला समजते, बोलता येत नाही. नातीला समजतही नाही.

आम्ही तळावर गेलो ते बोली वाचवायला. तळावर बोली ठणठणीत आहे. टोळीत सगळे आपलेच, दिवसभर फडात, रात्री कोपीत. दुसरी भाषा लागते ती मुकादम, चिटबॉय (कारखान्याचा चिठ्ठी देणारा) आणि दुकानदार यांच्याशी. बोली सुटते ती नोकरी लागल्यावर, भाड्याच्या घरात, शेजाऱ्याला कळू नये म्हणून आवाज खाली केल्यावर. भाषाशास्त्रज्ञ जोशुआ फिशमन यांनी १९९१च्या आपल्या पुस्तकात सगळा भर घरातल्या पिढी-दर-पिढी चालण्यावर दिला, शाळा आणि सरकार यांना त्याच्यानंतर ठेवलं. ते वाचताना पुस्तकी वाटलं होतं. त्या चिवड्याच्या बशीसमोर वाटलं नाही.

आणि हे फक्त लमाणांचं नाही. आमच्या गल्लीत काळ्या दिवसाला दंडाला काळी फीत बांधणारे कितीतरी आहेत ज्यांची मुलं इंग्रजी माध्यमात जातात. जावोत. माध्यम निवडणं पालकांचा हक्क आहे, सरकारला ते लादता येत नाही, हे घटनापीठानं ६ मे २०१४ रोजी कर्नाटकाच्याच खटल्यात सांगून टाकलंय. पण मराठीत कागद द्या म्हणून निवेदन लिहायचं, आणि घरी पोराला 'कम हिअर, ईट फास्ट' करायचं, हे रोज ऐकतो. मोठ्या भाषेला हे सोसतं. तिच्यामागं एक अख्खं राज्य आहे, वर्तमानपत्रं आहेत, नाटकं आहेत. गोरबोलीच्या मागं आजी आहे.

आजोबांनी पुस्तक नातीसाठी मागितलं, आणि म्हणाले खाली कन्नड अर्थ छापा, नाहीतर तिला कळणार कसं? ताईंनी उत्तर दिलं नाही. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, अर्थ छापला तर ती अर्थच वाचेल. मग प्रत्येक पानावर क्यूआर कोड द्यायचं ठरलं. स्कॅन केला की तळावरच्या आजीचा आवाज. अर्थ विचारायला नातीनं आजोबांना फोन करावा.

२६ जानेवारी, खानापूर

वेगळं कारण काढून खानापूरच्या जंगलाकडं गेलो. कणकुंबीच्या रस्त्याला, आतल्या बाजूला गवळी धनगरांचे वाडे आहेत. म्हशी, दूध, तूप. पिढ्यान्पिढ्या सह्याद्रीच्या कडेनं चराई करत आलेली माणसं. बोली मराठीच्या कुटुंबातली, पण आमच्या शहरी कानाला पहिली दोन मिनिटं दम लागतो. झेंडावंदनाला आलेली पोरं एकमेकांत भराभर बोलत होती, मला बघितल्यावर पुस्तकी मराठीत शिरली. एक शिक्षक कौतुकानं म्हणाले, "आता सुधारलीत, आधी फार अशुद्ध बोलायची."

हा शब्द आम्ही मराठी मास्तर किती सहज वापरतो. बेळगावची मराठी पुण्यात अशुद्ध ठरते तेव्हा आम्हाला लागतं. गवळ्यांची बोली आम्ही अशुद्ध ठरवतो तेव्हा त्यांना लागत असेल हे ध्यानातही येत नाही. वाड्यांचं काम वेगळं आहे, या प्रकल्पात कोंबायचं नाही. नोंद करून ठेवतो.

२ फेब्रुवारी

पुस्तकाची छपाई रखडलीय, म्हणून वाचन. न्यूझीलंडमध्ये १९८२ साली वेलिंग्टनजवळ वैनुइओमाता इथं पहिलं कोहांगा रेओ, म्हणजे 'भाषेचं घरटं', सुरू झालं. माओरी आज्या आणि दूधपिती पोरं एकत्र, दिवसभर फक्त माओरी. शाळा नव्हे, शिक्षिका नव्हेत. ज्यांना भाषा येते त्या बायका आणि ज्यांना यायला हवी ती पोरं. पाच वर्षांनी, १९८७ साली, माओरी तिथली अधिकृत भाषा झाली. हवाईतल्या लोकांनी हेच उचललं. तिथं १८९६च्या कायद्यानं शाळेचं माध्यम इंग्रजी करून टाकलं होतं, आणि १९८४ साली त्यांनी स्वतःच्या बालवाड्या काढल्या.

हे वाचून आपण तळावर काय करायचं? पहाटे चारला कोयते फडात जातात. मागं आज्या, तान्ही पोरं आणि त्यांना सांभाळणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुली. म्हणजे कोहांगा रेओ तिथं आहेच, फक्त त्याला नाव नाही आणि खाऊ नाही. अक्का म्हणाल्या, मग नाव नको, खाऊ देऊ. आज्यांना रोजचा मोबदला द्यायचा, धाकटी पोरं एका कोपीत बसवायची, म्हणजे थोरल्या मुली पुस्तकाच्या कामाला मोकळ्या. मोबदल्यावर आम्ही तासभर बोललो. फुकट मागितलं की 'सेवा' म्हणायचं आणि आजीला राबवायचं, हे जमणार नाही.

बीडच्या बाजूच्या एका आजीनं मोबदला ऐकल्यावर विचारलं, "नुसतं बोलायचे पैसे?" आणि शेजारणीला गोरबोलीत काहीतरी सांगितलं. दोघी खूप हसल्या. ताईंनी आम्हाला ते सांगितलं नाही.

१५ फेब्रुवारी, तळ

सेवालाल महाराजांची जयंती. चारीच्या दोन्ही बाजूंनी मिळून एकच पूजा, भोग. विजयपूरकडचे नायक आणि बीडकडचे कारभारी, दोघंही तांड्याचे मानकरी, शेजारी बसलेले. पुस्तकाच्या कच्च्या प्रती इथंच वाटल्या.

चित्रकाराची परीक्षा झाली. त्यानं फेटिया (घागरा), कांचळी (चोळी), आरसे असं सगळं मन लावून रंगवलं होतं. मुलं ते पान उलटून पुढं गेली. ट्रॅक्टरच्या पानावर थांबली. ट्रॉलीला मागं दोन चाकं कमी आहेत, मोळ्या अशा लावत नाहीत, दोरखंड असा जात नाही. एका पोरानं सरळ पेन्सिल घेऊन चाकं काढली. आणि एक मुलगी म्हणाली, आमची याडी (आई) हे घालत नाही, साडी नेसून वर शर्ट घालते. ऊस कापताना पाचट हातांना कापतं, म्हणून बायका नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात; तळावर प्रत्येक बाई तशी दिसते. चित्रकारानं हसत हसत तिथंच बसून पानं परत काढायला घेतली. शर्टवाली याडी छापायला जाणार. आरसेवाली फक्त मुखपृष्ठावर, तीही नायकांनी आग्रह केला म्हणून.

वाचन मात्र झकास झालं. मुलीनं कन्नड पान वाचलं, मुलानं देवनागरी, आणि जिथं दोघांचा उच्चार वेगळा आला तिथं बाकीच्यांनी दोन पार्ट्या पाडून आरडाओरडा केला. भांडण गोरबोलीत चाललेलं.

२३ फेब्रुवारी

परवा, २१ तारखेला, जागतिक मातृभाषा दिनीच, तालुक्यात बसमध्ये भाषेवरून मारहाणीचा प्रकार घडला. त्यानंतर दोन्हीकडे निदर्शनं, आणि कर्नाटक-महाराष्ट्र बसगाड्या थांबल्या. चित्रकार गडहिंग्लजहून मोटारसायकलवर आला, अंतिम चित्रं पोटाशी धरून. अक्कांच्या घरच्यांनी त्यांना आठवडाभर मराठी मंडळींबरोबर हिंडू नको म्हणून सांगितलं, त्या आल्या. छापखानेवाल्यानं विचारलं, दोन लिप्यांचं पुस्तक सध्या छापायचं का, की जरा थांबायचं? छापा म्हणालो.

२७ फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिन. शाळेत भाषण केलं. गोरबोलीबद्दल दोन वाक्यं बोललो, मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे बघितलं.

१४ मार्च, तळ

धुळवड. यंदा ऊस लवकर संपला, बऱ्याच टोळ्या होळीला घरी पोचायच्या घाईत. राहिलेल्यांनी काल रात्री इथंच होळी पेटवली. लेंगी, म्हणजे होळीची गाणी, ऐकायला मिळाली. पुरुष गोल करून, हातात काठ्या, एकानं ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी झेलायची. बायकांची वेगळी फळी, त्यांची उत्तरं जास्त तिखट. यंदा टोळीत मुलगा झालेल्या घरी धुंड, म्हणजे बाळाचा होळीतला विधीही झाला. आम्ही रेकॉर्डर बाहेर काढलाच नाही, कारण पंधरा-वीस फोन आधीच वर धरलेले होते. एकानं तिथल्या तिथं गावाकडच्या ग्रुपवर टाकलं आणि दोन मिनिटांत तांड्यावरून उलट लेंगी आली, तीही ऐकवली गेली, मग इकडून तिला जबाब. आवाज दाबलेला, फाटका. संग्रहाच्या नियमात कुठंही न बसणारा. ताईंनी परवानगी विचारून त्या फिती वेगळ्या फोल्डरमध्ये घेतल्या. नियम मीच मोडू दिला.

२३ मार्च, बेळगाव

तळ उठला. हिशेब आणि बाकी.

पुस्तकं टोळ्यांबरोबर गेली, काही विजयपूरच्या तांड्यावर, काही बीडला, एक त्या निवृत्त गृहस्थांकडे. त्यांचा फोन आला होता: नातीनं क्यूआर स्कॅन करून आजीचा आवाज ऐकला आणि विचारलं, ही बाई ओरडून का बोलते? बैलांना हाक मारायची गोष्ट आहे ती, तेव्हा ओरडणारच. त्यांनी नातीला बैल समजावून सांगितला, कन्नडमध्ये. हरकत नाही.

ध्वनिफितींच्या तीन प्रती केल्या. एक माझ्याकडे, एक अक्कांच्या घरी, मुख्य प्रत ताईंच्या तांड्यावर, नायकांच्या ताब्यात. इंटरनेटवर काय टाकायचं ते ते ठरवतील. दोन फितींत परवानगी सुरुवातीला नीट ऐकू येत नाही. त्या माणसांशी परत बोलणं होईपर्यंत त्या बंद. एलान या सॉफ्टवेअरमध्ये ऐकून उतरवून घ्यायचं काम अर्धंही झालेलं नाही. बैलांच्या हकिगतीला ताईंना बराच वेळ लागतोय, कारण प्रत्येक शब्दाला आईला फोन.

कन्नड पानांवर शेवटच्या अर्ध्या अक्षरांची चिन्हं छापखान्यात चार ठिकाणी गळाली. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करायची.

पुढच्या हंगामाच्या अर्जावर पहिलं नाव ताईंचं असेल. त्यांनी दोन अटी घातल्यात. बैठक बेळगावात नाही, तांड्यावर. आणि बैठकीची भाषा गोरबोली. त्यासाठी अक्का आणि मी एप्रिलपासून दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे फोनवर तास घेणार. त्या वेळात मराठी किंवा कन्नड शब्द तोंडातून निघाला की त्या फोन ठेवणार, असं बजावून सांगितलंय. अक्का माझ्याआधी शिकतील असं दिसतंय. त्यांनी परवाच एका आजीला बाटी, म्हणजे भाकरी, मागून खाल्ली.